मागचा आर्म आणि आपले हात

वाङ्मय मंडळाच्या ई-अंकात गाडीच्या सस्पेंशनवर लेख कशाला, असं मंडळातल्याच दोघांनी मला विचारून झालंय. एकीने तर सुचवलं, 'त्यापेक्षा पावसावर लिही की!' पावसावर या अंकात चार कविता नक्की असतील. मला लिहायचंय ते त्या पावसाने रस्त्याचं आणि रस्त्याने गाडीचं जे करून सोडलंय त्याबद्दल. माझं म्हणणं सरळ आहे. घरच्या गाडीला मागे सुटे कंट्रोल आर्म असतील, ते झिजले असतील आणि दारात चार हात सपाट, टणक जागा असेल, तर ते बदलायचं काम आयुष्यात एकदा तरी घरच्यांनी आपल्या हातांनी करावं. पैसे वाचतात म्हणून नव्हे. वाचतात, पण तो मुद्दा दुसऱ्या नंबरचा.

आर्म म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मंडळातले निम्मे सदस्य दुचाकीवाले आहेत. चाक गाडीला नुसतं लटकवलेलं नसतं. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप तिची उसळी आवरतो. पण चाकाने पुढेमागे आणि आतबाहेर किती हलायचं, रस्त्यावर किती तिरकं उभं राहायचं, हे ठरवतात ते आर्म. आर्मचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला, दुसरं चाकाच्या बाजूला. टोकांना सहसा रबरी बुश असतात, म्हणजे आत एक लोखंडी नळी, बाहेर एक लोखंडी कडं आणि मधे त्या दोघांना चिकटलेलं रबर. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना, म्हणजे स्विफ्ट, आय-१०, आय-२०, पोलो वगैरेंना, मागे असे सुटे आर्म नसतातच. दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम असतो आणि तोच थोडा पिळतो. त्या गाड्यांच्या मालकांनी पुढचं नुसतं मौजेखातर वाचावं. इनोव्हाला मागे अख्खा ॲक्सल असतो आणि तो जागेवर धरायला लिंका असतात. सिव्हिक, लॉरा अशा गाड्यांना मात्र मागच्या प्रत्येक चाकाला आर्मांचा स्वतंत्र संच असतो.

आमच्याकडे जुनी सिव्हिक आहे, पप्पांनी सेकंडहँड घेतलेली. जांबोटीवरून चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला तिने फेस्ताला, लग्नाला आणि मयताला इतक्या फेऱ्या मारल्यात, की बुश फाटले म्हणून गाडीला नावं ठेवणं कृतघ्नपणा होईल. एवढासा आर्म काय करू शकतो याचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतलं घ्या. तिथे २००६ आणि २००७ सालच्या सिव्हिकचे मागचे टायर वेळेआधीच आणि वेडेवाकडे झिजायला लागले, तेव्हा त्यावर इलाज म्हणून मागचे वरचे आर्म बदलून दिले गेले होते. चाक नवं, टायर नवा, सगळं नवं असलं तरी त्याला धरणारा दांडा योग्य कोनात धरत नसेल, तर टायर जातोच.

आता खरा मुद्दा. मागून 'कट-कट' आवाज यायला लागल्यावर आम्ही गाडी एका गॅरेजला दाखवली. नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही, अशी गॅरेजं प्रत्येक गावात आहेत. गाडी लिफ्टवर न घेताच निदान झालं, की मागचा 'पूर्ण सेट' बदलावा लागेल. पप्पांनी मान डोलावली. पूर्ण सेट म्हणजे काय काय? त्यातलं नेमकं काय गेलंय? गेलंय ते मला दाखवता का? यातला एकही प्रश्न आमच्यापैकी कोणाला विचारता आला नाही, आणि आम्ही चारही माणसं पदवीपर्यंत शिकलेली किंवा शिकणारी. आपल्याच गाडीबद्दल बोलताना आम्ही मुके होतो. फसवणूक होते तेव्हा समोरचा माणूस लबाड असतोच असं नाही. आपल्याला विचारता येत नाही, एवढं पुरतं.

मुके का होतो? इथे मराठीचा संबंध येतो, म्हणून हा लेख या अंकात. पुस्तकी परिभाषेत सस्पेंशनला 'निलंबन' म्हणतात. निलंबन सरकारी कर्मचाऱ्याचं होतं, चौकशी होईपर्यंत. मागचं निलंबन खडखडतंय असं कुठल्या मेस्त्रीला जाऊन सांगितलंत तर तो आधी तुमच्याकडे बघेल आणि मग चहा मागवेल. याउलट गॅरेजमधली मराठी बघा. बोल्टवरच्या चक्रीच्या रेषा गेल्या तर 'आटे गेले'. सॉकेटला 'गोटी'. वॉशरचा झाला 'वायसर'. ट्रकच्या मागे असतात ते 'पाटे'. बोल्ट 'जाम' होतो, बुश 'बसतो', चाक 'खातं'. म्हणजे चाकाला टायर खायला लागतो. यातले निम्मे शब्द इंग्रजीतून आले आणि आपल्या तोंडात घोळून गुळगुळीत झाले, निम्मे घरचेच आहेत. सीमाभागात आपण मराठीसाठी पाट्यांवर भांडतो आणि भांडावंही, पण पाटीवरची मराठी वाचवताना गाडीखालच्या मराठीकडे आपलं लक्ष नसतं. ती बोलणाऱ्याला आपण साहित्य संमेलनाचं निमंत्रण देत नाही, म्हणून ती आपल्याला भाषाच वाटत नाही.

ही भाषा कोशातून येत नाही. ती पाठीवर पडून, वर बघत, हातात पाना धरून येते. म्हणून काम करावं म्हणते.

काम अवघड आहे का? मेहनतीचं आहे, गुंतागुंतीचं फारसं नाही. धोक्याचं मात्र नक्की आहे, आणि तो धोका हसण्यावारी नेणाऱ्याने गाडीखाली जाऊच नये. डिकीतला जॅक पंक्चरपुरता असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालायचा नाही, हात सुद्धा नाही. गाडी लोखंडी स्टँडवर बसली पाहिजे, तीही कंपनीने ठरवून दिलेल्या जागी. विटांवर किंवा दगडांवर नाही. वीट फुटते तेव्हा आधी सांगत नाही.

मला स्वतःला सगळ्यात शिकवून गेलेली गोष्ट हँडब्रेकची. गाडी उचलायच्या आधी हँडब्रेक ओढायचा हे कोणीही सांगेल. पण बहुतेक गाड्यांत हँडब्रेक लागतो कुठल्या चाकांना? मागच्या. आणि आपण उचलणार कुठली चाकं? मागचीच. म्हणजे ज्या चाकांना ब्रेक लागलाय ती हवेत आणि जी जमिनीवर आहेत ती मोकळी! तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे आणि गाडी गिअरमध्ये टाकून ठेवायची. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर इंजिन ती धरून ठेवतं. हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही, कशाचा आधार कशाला आहे एवढा विचार करावा लागतो. आपण बी.ए.ला कथेची संहिता उलगडताना दुसरं काय करतो?

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग गाडी उचलायची, हेही त्यातलंच. स्प्रिंग कुठे बसलीये ते बघायचं. ती शॉकअपभोवतीच गुंडाळलेली असेल तर काम सोपं. ती वेगळी, थेट खालच्या आर्मवर बसलेली असेल, तर आर्म सोडवणं म्हणजे दाबून ठेवलेला राक्षस सोडणं. तिथे आर्मखाली जॅक लावून, इंचाइंचाने खाली घेऊन स्प्रिंगचा ताण मोकळा करावा लागतो. ज्याने हे काम आधी कधी पाहिलेलं नाही त्याने ही पायरी जाणत्या माणसाशिवाय करू नये.

मग बोल्ट. सगळा वेळ इथेच जातो. आपल्याकडचा पाऊस, आणि गोव्याला जाणाऱ्या गाडीला खारी हवा. बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. पाना लावून जोर केला की बोल्ट फिरतो, आपण खूश. प्रत्यक्षात बोल्टबरोबर नळी फिरलेली असते, नळीबरोबर रबर पिळलेलं असतं, आणि पाना सोडला की सगळं जिथल्या तिथे परत. शुक्रवारी रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, शनिवारी सकाळी पुन्हा मारायचं, लांब दांड्याचा पाना घ्यायचा आणि घाई करायची नाही. तरी नाही सुटला तर करवतीने कापायचा आणि नवा घालायचा. ज्योत लावून तापवायचा मोह होतो, पण मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आहे आणि बुश रबराचा आहे, हे विसरायचं नाही. तापवायची वेळ आली तर घरचं काम तिथे थांबलं असं समजावं.

काही आर्मांच्या आतल्या टोकाला एक वेगळाच बोल्ट असतो. त्याची चकती मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते. तो फिरवला की चाकाचा कोन बदलतो. म्हणून तो सैल करण्याआधी चकतीवर आणि शेजारच्या पत्र्यावर रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवायची, आणि जोडताना रेघेला रेघ जुळवायची. नेलपॉलिश यासाठी उत्तम चालतं, हे मी जबाबदारीने सांगते.

आणि मग ती गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी घाईत सुटते. नवा आर्म बसवला, बोल्ट घातले की कोणालाही ते लगेच आवळून टाकावेसे वाटतात. आमच्या गल्लीतले मेस्त्री, उद्यमबागेतल्या कारखान्यात अर्धं आयुष्य काढलेले, संध्याकाळी कपबशी हातात घेऊन बघायला आले होते. म्हणाले, 'घट्ट आवळू नको गं आत्ताच. चाक लोंबतंय न्हवं? पीळ बसतोय बघ बुशाला.' बोल्ट आवळला की बुशची आतली नळी सांगाड्याला जखडली जाते. चाक लोंबकळत असताना ती जखडली, तर गाडी खाली घेतल्यावर आर्म वर जातो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी नुसती उभी असली तरी पिळलेलंच. असं रबर वर्षानुवर्षं टिकायचं ते लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी हाताने बसवायचे, चाकाच्या बाजूला खालून जॅक देऊन आर्म गाडी रस्त्यावर असताना जिथे असतो तिथवर उचलायचा, आणि मग टॉर्क रेंचने मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने आवळायचे. इंग्रजीत याला शब्द आहे. मेस्त्रींचा 'पीळ' त्याहून नेमका आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण परीक्षेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली. पीळ म्हणजे काय ते मला गाडीखाली कळलं.

आता आक्षेप. सगळेच घरी करायला लागले तर मेस्त्रींच्या पोटावर पाय येणार नाही का? हा प्रश्न मला प्रामाणिक वाटतो, पण तो विचारणारे सहसा मेस्त्रीने सांगितलेल्या मजुरीवर पहिली घासाघीस करणारे असतात, हेही मी पाहिलंय. ज्याने एक जाम बोल्ट स्वतः सोडवलाय तो पुन्हा कधी 'एवढ्याशा कामाचे एवढे?' असं म्हणणार नाही. तो मजुरी कमी देणार नाही, कदाचित जास्तच देईल, पण कशाची देतोय ते बघून देईल. आणि घरी काम करूनही कारागिराशिवाय चालत नाहीच. बुश सुटे मिळत असतील तर जुना काढून नवा दाबायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. हातोड्याने ठोकून बुश बसवणं म्हणजे नव्या बुशचं आयुष्य तिथेच कमी करणं. उद्यमबागेत यंत्रं चालवणारी माणसं आपल्या शहरात आहेत, हे भाग्य आहे. त्यांच्याकडे आर्म हातात घेऊन जा आणि काय हवंय ते त्यांच्या शब्दांत सांगा. ते तुमच्याशी वेगळं बोलतात. मला तो फरक जाणवला.

दुसरा आक्षेप कोणी मोठ्याने घेत नाही. तो डोळ्यांत असतो. शिकलेल्या घरातली पोरं काळे हात करून गाडीखालून निघतात हे शेजाऱ्यांना बघवत नाही. त्यातून मुलगी. स्पेअर पार्टच्या दुकानात मी आर्मचा जुना नमुना काउंटरवर ठेवला तर पलीकडून प्रश्न आला, 'घरात मोठं कोण नाही काय?' माझ्या मागे उभ्या असलेल्या, माझ्याहून लहान मुलाला तो प्रश्न विचारला गेला नाही. त्याला थेट, 'डावा की उजवा?'

हात काळे करणं कोणाचं काम, हे आपल्याकडे जन्मावरून ठरत आलंय, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने ते धुऊन निघालं असं म्हणायला मी तयार नाही. १९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा कामकरी संत जोसेफचा सण म्हणून जाहीर केला. आपण त्या दिवशी मिस्साला जातो, हातात सुताराची अवजारं घेतलेल्या पुतळ्याला हार घालतो. दुसऱ्या दिवशी खऱ्या सुताराला, खऱ्या फिटरला 'ए, इकडे ये' म्हणतो. मार्कच्या शुभवर्तमानात नाझरेथचे लोक येशूला त्याच्या धंद्यावरून ओळखतात. तिथला ग्रीक शब्द आहे 'टेक्टॉन'. मराठीत तो 'सुतार' झाला, पण मूळ शब्द त्याहून मोठा आहे, हाताने बांधणारा, घडवणारा कारागीर. साहित्याच्या विद्यार्थ्याने भाषांतरात काय गळलं ते शोधायचं असतं ना? मला वाटतं, इथे धंदा गळला नाही, त्या धंद्याचा मान आपण गाळला.

कोणी म्हणेल, एवढं सगळं एका आर्मवर? हो, कारण याच एका कामात सगळं एकत्र येतं. ब्रेकच्या कामात चूक झाली तर परिणाम फार भयंकर, ते नवख्याने करू नये. ऑइल बदलणं फार सोपं, त्यात काही कळत नाही. आर्म बदलताना वजन, आधार, गंज, रबर, कोन सगळ्याशी गाठ पडते. एका शनिवारात होतं, जाम बोल्ट निघाला तर दोन. आणि ते करून झाल्यावर गाडीखालचा आवाज ऐकला की कान वेगळा ऐकतो. कट-कट आवाज दरवेळी आर्मचाच असतो असंही नाही. स्टॅबिलायझरची लिंक गेली तरी तसाच येतो, शॉकअपचं वरचं माउंटिंग सैल झालं तरी येतो. बुशपाशी पहार घालून हलवून बघायचं, रबराला चिरा पडल्यात का ते टॉर्चने बघायचं, मागच्या टायरची आतली कड हाताने चाचपायची. एवढं केलं तरी 'पूर्ण सेट' या दोन शब्दांपुढे मान डोलावण्याची पाळी येत नाही.

शेवटचं काम मात्र घरी होत नाही, आणि ते टाळलं तर सगळी मेहनत टायर खाऊन टाकतील. रेघेला रेघ जुळवली तरी नवा आर्म जुन्याच्या केसाएवढा पुढेमागे असतो. गाडी सावकाश चालवत अलाइनमेंटला न्यायची. तिथे नुसतं 'अलाइनमेंट करा' म्हटलं तर बऱ्याचदा पुढची दोन चाकं बघून गाडी परत देतात. आधीच सांगायचं, 'चारही चाकं. मागचा आर्म बदललाय, मागचा टो आणि कॅम्बर आधी बघा.' आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्यायचा. आमचा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. तिथला पोऱ्या तो देताना म्हणाला, 'कुठल्या गॅरेजात काम करता, ताई?'